तबस्सुम: आधी हसू, मग प्रश्न

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी तबस्सुम गेल्या. वय ७८ होतं. त्यानंतरचे चार-पाच दिवस माझ्या दवाखान्यात पन्नाशीच्या पुढचा जो पेशंट आला, त्याने बीपी मोजून घेताना हा विषय काढलाच. बीपी मोजताना बोलू नये, आकडा वर जातो, हे मी प्रत्येकाला सांगतो. त्या आठवड्यात माझं कुणी ऐकलं नाही.

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये याचं नवल वाटायला नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथल्या लष्करी बराकींमध्ये राहिली आणि त्यातून हे गाव उभं राहिलं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी होता, लाकडी दारांचा, कृष्णधवल. शेजारच्या सिंधी काकूंचं घर. ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ लागायची वेळ झाली की मराठी, सिंधी, पंजाबी, सगळी मुलं त्यांच्या फरशीवर दाटीवाटीने बसायची. काकू प्रत्येकाच्या हातावर भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला ठेवायच्या. सिंधी घरात पाहुण्याचं स्वागत असंच होतं. आणि पडद्यावर तबस्सुम त्यांच्या पाहुण्यांचं स्वागत करत असायच्या.

आजच्या तरुण वाचकांसाठी थोडं सांगतो. तबस्सुम यांचा जन्म मुंबईचा, ९ जुलै १९४४ चा. वडील अयोध्यानाथ सचदेव, आई असगरी बेगम. वडिलांनी आईचा धर्म लक्षात घेऊन मुलीचं नाव तबस्सुम ठेवलं आणि आईने वडिलांचा धर्म लक्षात घेऊन किरणबाला. तबस्सुम म्हणजे स्मितहास्य. ‘बेबी तबस्सुम’ या नावाने त्यांनी बालपणीच चित्रपटांत काम केलं. १९५२ च्या ‘बैजू बावरा’मधली लहानपणीची मीनाकुमारी म्हणजे त्याच. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि त्याच वर्षापासून १९९३ पर्यंत, म्हणजे तब्बल २१ वर्षं, त्यांनी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ चालवला. भारतातला पहिला टीव्ही टॉक शो म्हणून तो ओळखला जातो. उतारवयात त्यांनी यूट्यूबवर ‘तबस्सुम टॉकीज’ सुरू केलं आणि शेवटपर्यंत काम करत राहिल्या.

मग डॉक्टरच्या ब्लॉगवर त्यांची आठवण कशाला? कारण मुलाखत घेणं हा माझाही रोजचा धंदा आहे.

दवाखान्यातली मुलाखत

मेडिकल कॉलेजमध्ये आम्हाला पहिलं शिकवतात ते ‘हिस्टरी’ घ्यायला. पेशंटला काय होतंय, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, हे त्याच्याच तोंडून काढून घ्यायचं. १९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा अभ्यास छापून आला होता. डॉक्टरांनी ८० नवे पेशंट तपासले. त्यांतल्या ६६ जणांचं अखेरीस ठरलेलं निदान डॉक्टरांना आधीच सुचलं होतं, तेही फक्त पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि पेशंटशी बोलून. त्यानंतर स्कॅन आले, रक्ताच्या शेकडो तपासण्या आल्या, पण कोणती तपासणी करायची हे आजही बोलण्यातूनच ठरतं.

पण बोलू देतो कोण? १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात ७४ भेटी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरने त्याला मध्येच थांबवलं होतं. आपल्याकडे तर गर्दी मोठी, वेळ कमी आणि बाहेर नंबर लावून बसलेली माणसं.

तबस्सुम यांच्या कार्यक्रमातली एक गोष्ट मला मोठेपणी समजली. त्या आधी हसवायच्या. एखादा शेर, एखादा विनोद, जुनी ओळख. समोरचा नट कितीही मोठा असो, खुर्चीत जरा सैल होऊन बसायचा. मग प्रश्न यायचा, तोही साधा, घरगुती. अवघडलेला माणूस खरं बोलत नाही. स्टुडिओत नाही आणि दवाखान्यात तर नाहीच.

‘गॅस’ला जिना कळत नाही

एक उदाहरण देतो. पेशंटची ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. साठीच्या एक अम्मा मुलाबरोबर आल्या. मुलाचं मार्केटमध्ये कपड्याचं दुकान, त्यामुळे घाई. तोच बोलत होता: “डॉक्टरसाहेब, गॅस आहे. छातीत चढतो. गॅसची गोळी लिहून द्या.” अम्मा गप्प. त्यांना डायबिटीस बारा वर्षांचा.

मी मुलाला म्हटलं, तू जरा बस, मला अम्मांशी बोलू दे. मग त्यांना विचारलं, “अम्मा, आज सकाळपासून काय काय केलंत?” त्या हसल्या. असा प्रश्न डॉक्टर विचारतो का, असं ते हसणं होतं. मग सांगू लागल्या. सकाळी दरबारात गेले, भाजी आणली, लिफ्ट बंद आहे म्हणून जिना चढले. घर तिसऱ्या मजल्यावर.

“मध्ये थांबावं लागलं?”

“हो, दुसऱ्या मजल्यावर. गॅस वर येतो ना. दोन मिनिटं उभी राहिले की उतरतो.”

“घरात बसल्या-बसल्या येतो?”

“नाही. जिन्यावरच.”

गॅसला जिना कळत नाही. श्रमाने येणारा आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत जाणारा छातीतला दाब हा बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा असतो. याला अंजायना म्हणतात. त्यांचा ईसीजी नॉर्मल आला, आणि मुलगा म्हणाला, “बघा, हार्ट ठीक आहे.” पण आराम करताना काढलेला ईसीजी अंजायनाच्या पेशंटमध्ये नॉर्मल असू शकतो. त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. अँजिओग्राफीत एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली दिसली, तिथे स्टेंट बसवला. अम्मा आजही येतात, स्वतः बोलतात, आणि मुलाला बोलू देत नाहीत.

निदान मशीनने पक्कं केलं, पण मशीनपर्यंत नेलं ते जिन्याच्या गोष्टीने. ती गोष्ट फक्त अम्मांना माहीत होती.

अटॅक की अरेस्ट?

तबस्सुम यांच्या जाण्यानंतर मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हा. बातम्यांत ‘कार्डियाक अरेस्ट’ असं होतं, आणि पोटाच्या तक्रारीसाठी त्या रुग्णालयात गेल्या होत्या असं कुटुंबीयांनी सांगितलं होतं. बातमी वाचून कुणाचं निदान करायचं नसतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण या दोन शब्दांतला फरक तुम्हाला माहीत हवा.

हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबणं. माणूस सहसा शुद्धीवर असतो, त्रास सांगू शकतो. कार्डियाक अरेस्ट म्हणजे पंपच थांबणं. माणूस कोसळतो, हाक मारली तरी ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा आचके दिल्यासारखा चालतो. अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, पण अरेस्टची इतरही कारणं असतात.

अरेस्टमध्ये प्रत्येक मिनिट मोलाचं. १०८ ला फोन करायला कुणाला तरी सांगा आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला सुरुवात करा. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. मदत येईपर्यंत थांबू नका. कांदा हुंगवणं, पाणी पाजणं यात वेळ घालवू नका.

अटॅकची लक्षणं स्त्रियांमध्ये, डायबिटीस असलेल्यांमध्ये आणि वृद्धांमध्ये फसवी असू शकतात. छातीत कळ येण्याऐवजी दम लागणं, दरदरून घाम, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, अचानक आलेला थकवा. अशा वेळी सोडा पिऊन वाट पाहू नका, गाडी स्वतः चालवू नका, सरळ ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जा.

तुमची मुलाखत तुम्हीच द्या

पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना एवढं करा:

- निदान सांगू नका, त्रास सांगा. ‘गॅस’, ‘ॲसिडिटी’, ‘कमजोरी’ हे शब्द बाजूला ठेवा. कुठे, कसं, किती वेळ, हे सांगा.
- त्रास होतो तेव्हा तुम्ही काय करत असता ते आठवा. चालताना, जेवल्यावर, झोपेत, भांडण झाल्यावर?
- पूर्वी करत होतात आणि आता टाळता असं काही आहे का? जिना, पिशवी उचलणं, लांबची खरेदी? हे आपणहून सांगा.
- चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा. “पांढरी, छोटी गोळी” यावरून काही कळत नाही.
- आईवडिलांना घेऊन येणाऱ्या मुलामुलींनो, पहिली पाच मिनिटं त्यांना बोलू द्या. तुमचं म्हणणं नंतर जरूर सांगा.
- जाता जाता दारात आठवलेली गोष्टही सांगा. लाजू नका, परत बसा. पुष्कळदा खरं दुखणं त्या वाक्यातच असतं.

आणि डॉक्टर ऐकत नसेल तर स्पष्ट म्हणा, “मला दोन मिनिटं पूर्ण बोलू द्या.” कोणताही बरा डॉक्टर याचा राग मानणार नाही.

त्या आठवड्यात एका आजोबांनी विचारलं होतं, “ज्यांना कधी भेटलो नाही त्यांच्यासाठी एवढं वाईट का वाटतं हो? डोक्यात काही बिघाड तर नाही ना?” बिघाड नाही. २१ वर्षं जी व्यक्ती आपल्या घरात येऊन हसून बोलली, ती मनाने घरातलीच होते. तिच्याबरोबर ती गल्ली, तो एकच टीव्ही आणि शेजारी बसलेली, आता नसलेली माणसंही आठवतात. चार दिवस जड गेले तर जाऊ द्या, घरच्यांशी त्याबद्दल बोला. झोप आणि जेवण दोन आठवड्यांनंतरही सुधारलं नाही, तर मात्र दवाखान्यात या. आधी थोडं हसू, मग मी विचारीन.