आधी बादली, मग हसू

रोज पाणी येणाऱ्या गावात नळ गळला तर माणूस वैतागतो. आठवड्याने पाणी येणाऱ्या गावात नळ गळला तर माणूस धावतो. हुबळी-धारवाडच्या जुन्या वस्त्यांनी वर्षानुवर्षं हे धावणं केलं आहे. पाच-सहा दिवसांनी, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, कधी भरदुपारी तर कधी अपरात्री पाणी यायचं आणि काही तासांत जायचं. तेवढ्यात साठेल तेवढं आपलं. म्हणून अंगणात संप म्हणजे जमिनीखालची टाकी, गच्चीवर टाकी, न्हाणीत हौद, हौदाशेजारी पिंप, स्वयंपाकघरात कळशा. संपातून टाकीत चढवायला पंप, टाकीतून खाली उतरायला पाइप, पाइपाला एल्बो, एल्बोला निपल. जितकी साठवण तितके जोड, आणि जितके जोड तितक्या गळायच्या जागा. आमच्या गावातल्या घरगुती फजितीचं मूळ हे असं साठवणुकीत आहे.

पाण्याची बाजूही समजून घ्यायला हवी. मलप्रभा नदी कणकुंबीच्या डोंगरात उगम पावते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात थांबते, तिथून पंपांनी उपसली जाते, अम्मिनभावीला गाळून शुद्ध होते आणि चढ चढून धारवाडात येते. धरणापासूनची चाळीसेक किलोमीटरची ही वाट निभावून आल्यावर आमच्या मोरीतल्या अर्ध्या इंचाच्या तोटीपाशी मात्र अडखळते. कारण मधल्या दिवसांत पाइप रिकामे पडलेले असतात आणि रिकाम्या पाइपात हवा शिरून बसते. पाणी मागून रेटायला लागलं की आधी ती हवा बाहेर पडते. नळ फुरफुरतो, खाकरतो, दोन-चार तांबूस थेंब फेकतो, पुन्हा गप्प होतो. मग एकदम अशी पिचकारी मारतो की समोर उभ्या असलेल्याची आंघोळ तिथेच उरकते. घरातले जाणते लोक पहिल्या पाण्याच्या वेळी नळासमोर उभे राहत नाहीत, बाजूला उभे राहतात. नव्या पाहुण्याला हे कुणी सांगत नाही. तेवढी करमणूक घराला हवीच असते.

पहिलं पाणी मोरी धुवायला, त्यानंतरचं झाडांना, नितळ झालं की प्यायला, असा आमच्या आईचा शिरस्ता होता. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन या संशोधकांनी हुबळी-धारवाडातल्याच नळांचं पाणी तपासलं. २०१३ आणि २०१४ साली त्यांचे निबंध आले. थांबून थांबून येणाऱ्या पाण्यात दूषितपणा जास्त, आणि पाणी सुरू होतानाचा पहिला लोंढा विशेष गढूळ, असं त्यात निघालं. पाइपातला दाब गेला की बाहेरची घाण फटींतून आत ओढली जाते, हे त्यामागचं एक कारण. आईला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, “एवढ्यासाठी अमेरिकेहून यायचं होतं? मला विचारायचं.”

पाणी कधी येईल ते ठाऊक नसल्यामुळे रात्री नळ उघडा ठेवून त्याखाली पालथं पातेलं ठेवायचं, ही इथली जुनी युक्ती. धार पातेल्यावर पडली की घर जागं होतं. धारवाडच्या माळमड्डीतल्या आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक मास्तर राहायचे. ते सहकुटुंब बेळगावला लग्नाला गेले आणि नळ उघडाच राहिला. दुपारी पाणी आलं. पातेलं इमानाने वाजलं, पण ऐकायला कुणी नव्हतं. थोड्या वेळाने मास्तरांच्या दाराखालून पाणी आलं, जिन्यावरून पायरी-पायरीने उतरलं, आणि दारातल्या चपला घेऊन अंगणाकडे निघालं. घराला कुलूप. मेन कॉक बंद करावा, तर तो नेमका कुठे आहे यावर वाड्यात तीन मतं. एक म्हणे फाटकापाशी, एक म्हणे तुळशीमागे, तिसऱ्याच्या मते तो मागच्या डागडुजीत गाडलाच गेला होता. वाद रंगात आला असताना शेजारच्या काकूंनी पदर खोचला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीखाली बादली लावली. मग प्रत्येकाने आपली बादली आणली. रांग लागली. “अक्का, तुमची झाली असेल तर आमची सरकवा,” इथवर गोष्ट गेली. संध्याकाळी मास्तर परतले तेव्हा त्यांच्या घरात गाद्या भिजलेल्या, आणि सगळ्या वाड्याची पिंपं भरलेली. मास्तरांनी आधी मुकाट्याने घर पुसून काढलं. मग जिन्यावर बसून म्हणाले, “लग्नात आहेर केला तो वेगळाच. खरा आहेर इथे झाला.”

मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. भिजलेल्या माणसाला आधी ‘हसून घ्या’ म्हणणं हा आगाऊपणा आहे. आधी बादली, मग फडकं, आणि मग हसू. बादली न लावता केलेला विनोद म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची मजा. बादली लावून झाली की तीच गोष्ट सगळ्यांची होते.

आमचे नळाचे मिस्त्री हा क्रम कटाक्षाने पाळतात. भिंतीला ओल असो, गिझरच्या पाइपातून कारंजं असो, की फ्लोट अडकून टाकी वाहत असो, त्यांचं कानडीतलं पहिलं वाक्य ठरलेलं: “एनिल्री काकू, वायसर होगेती.” काही नाही, वायसर गेलाय. वायसर गेलेला नसतो हे त्यांनाही दिसत असतं, पण त्या वाक्याने काकूंचा जीव खाली बसतो. मग ते पाना काढतात. जुन्या लोखंडी पाइपाचे आटे तारेच्या ब्रशने घासतात, ताग आणि सफेद्याचा वाळलेला थर खरवडतात, आणि टेफ्लॉनची पांढरी पट्टी ताणून गुंडाळू लागतात. पट्टी आट्यांच्या दिशेनेच फिरली पाहिजे. उलटी फिरली तर जोड आवळताना ती सोलून बाहेर येते आणि गळती जिथल्या तिथे. एवढं करून जोड कोरडा होतो, आणि हातभर पुढचा जोड पाझरायला लागतो. आतून गंजलेल्या पाइपाला एका टोकाला पीळ दिला की तो पीळ पुढच्या कमकुवत जागी जाऊन पोहोचतो. मिस्त्री पाना न ठेवताच म्हणतात, “हा आत्तापर्यंत लाजत होता.”

बेसिनखालचा वाकडा पाइप मात्र गावोगाव सारखाच. त्या बाकात थोडं पाणी कायम अडून राहतं, म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. शौचकूपाच्या पाइपाला असा बाक देण्याचं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने घेतलं. वास अडवता अडवता हा बाक इतरही पुष्कळ काही अडवतो. आमच्याकडे तो उघडला तेव्हा पेनाचं टोपण, दोन हेअरपिना, मोहरीचा लगदा आणि आईची मोत्याची कुडी निघाली. त्या कुडीवरून घरातल्या निम्म्या माणसांवर संशय घेऊन झाला होता. आईने कुडी धुतली, कानात घातली आणि सगळ्यांना चहा टाकला. माफी वगैरे काही नाही. चहात आलं मात्र जास्त होतं.

पुढे काळ बदलू लागला. २००८ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने जुळ्या शहरांतल्या निवडक वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं. २०११ च्या आसपास ‘नेक्स्टड्रॉप’ नावाच्या उपक्रमाने पाण्याची चावी सोडणाऱ्या माणसांकडून वेळ कळवून घेऊन घरोघरी मोबाइलवर पाण्याचा निरोप पाठवायला सुरुवात केली. पातेल्याचं काम मोबाइलकडे गेलं. चोवीस तास पाण्याच्या वॉर्डातले आमचे एक नातेवाईक फार सुखात आहेत. पण गप्पांत पाण्याचा विषय निघाला की त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं. मला ते सुख हवं आहे, आजच हवं आहे. गोष्टी नसल्या तरी चालतील, आधीच्या पुष्कळ शिल्लक आहेत.

आणि त्या गोष्टींनी आमच्या वाड्याला एक धडा कायमचा दिला. मास्तरांच्या घरात पुढे सून आली. माप ओलांडून झालं, नाव घेऊन झालं, आणि सासूबाई तिला हाताला धरून थेट अंगणात घेऊन गेल्या. “देवघर नंतर दाखवते. आधी मेन कॉक बघून ठेव. उजवीकडे फिरवला की बंद.”