इंदोऱ्यातील जुनी गटारलाइन

नागपूरला गेलो की दीक्षाभूमीला वंदन करून आम्ही इंदोऱ्याला थोरल्या बहिणीकडे उतरतो. या खेपेला घरात एकच विषय होता : जुनी गटारलाइन बदलायची की साफ करून भागवायचे?

लाइन भाजक्या मातीच्या पाइपांची. सांधे सुटून कडुनिंबाची मुळे आत शिरलेली. बांबूच्या कमच्या घालून मोकळी केली, तरी पुन्हा तुंबली. भाऊजी म्हणाले, "मागच्या खोल चेंबरात माणूस उतरवू." ताई म्हणाली, "उतरणारा कोणाच्या घरचा असेल, ते आधी सांगा!" भाऊजी गप्प झाले.

संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारातील मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टाने २०२३ साली १० लाखांवरून ३० लाख केली. पण पैशाने माणूस परत येत नाही.

एकच पाइप फुटला असेल तर तेवढाच बदलावा. सांधे जागोजागी सुटून लाइन खचली असेल, तर सबंध बदलणेच शहाणपणाचे. चार इंची पीव्हीसी पाइप, ४० फुटांना १ फूट उतार आणि प्रत्येक वळणावर उथळ चेंबर ठेवले की सफाई वरूनच होते.

ताईने लाइन बदलायचे ठरवले. बंधू-भगिनींनो, खर्चाचा हिशोब मांडताना त्यात माणसाचा जीवही धरावा. जयभीम!