बाणेरची टेकडी आणि चार टक्के

पुणं बघायला आलेले पाहुणे शनिवारवाडा, सिंहगड, लक्ष्मी रोड एवढं करून परततात. टेकडीवर कुणी त्यांना नेत नाही. पण पुणेकराला सकाळी कुठे जाता असं विचारलंत, तर उत्तर येतं तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, बाणेर. चहूबाजूंनी इमारती आणि मधूनच उठलेल्या मोकळ्या टेकड्या, हे दृश्य आपल्या फार कमी मोठ्या शहरांत उरलं आहे.

मला त्यातली सगळ्यात जवळची बाणेरची. नोकरीमुळे मी या भागात राहते, म्हणून असेल. बाणेर गावातून पायऱ्या चढून गेलं की तुकाई मातेचं देऊळ लागतं. तिथून पुढे पायवाट पाषाणच्या बाजूला जाते. दम लागतो, पण लहान मुलंही आरामात चढतात. वर उभं राहिलं की एका बाजूला महामार्ग आणि काचेच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला पाषाण तलाव. जायचं असेल तर जुलै ते ऑक्टोबर जा. तेव्हा गवत गुडघ्यापर्यंत येतं, सोनकीची पिवळी फुलं दिसतात, मोर ओरडतात. पाणी बरोबर घ्या, वर दुकान नाही. (नसावंच.)

एप्रिलमध्ये मात्र हीच टेकडी बघून तुम्ही निराश व्हाल. वाळलेलं गवत, मुरूम, काळा दगड, मध्येच गिरिपुष्पाची झाडं. आणि इथेच सगळी मेख आहे. टेकडीवर घरं बांधायची म्हणणारे नेहमी उन्हाळ्यातली टेकडी दाखवतात. "तिथे आहे काय? दगड आणि कुसळं!" खरं तर दख्खनच्या टेकड्या अशाच असतात. त्यांचं हिरवेपण चार महिन्यांचं आणि काम बारा महिन्यांचं. पावसाचं पाणी गवतात अडतं, मुरुमात जिरतं, हळूहळू खाली उतरतं. म्हणूनच इथले स्वयंसेवक गेली अनेक वर्षं उतारावर चर खणतात, रोपं लावतात आणि उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी पाणी घालायला येतात. एकदा मी एका काकांना म्हटलं, "काका, एवढ्या उन्हात?" ते म्हणाले, "पावसाळ्यात काय, कुणीही येतं गं." आणि कॅन उचलून पुढे गेले.

आता कागदावरची टेकडी बघू. १९९७ मध्ये पुण्याच्या भोवतीची २३ गावं महापालिकेत आली. बाणेर, पाषाण, बावधन, वारजे, धायरी, कात्रज ही त्यातलीच. त्यांच्या विकास आराखड्यात टेकड्यांसाठी जैवविविधता उद्यानाचं आरक्षण ठेवलं गेलं. सगळे त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी बीडीपी म्हणतात. बरीच वर्षं भिजत पडलेल्या या आरक्षणाला राज्य सरकारने २०१५ मध्ये मंजुरी दिली. क्षेत्र सुमारे ९७८ हेक्टर. बांधकाम नाही.

पण ही जमीन सगळी सरकारी नाही. बरीचशी खाजगी आहे, आणि पिढ्यानपिढ्या ज्यांच्या नावावर आहे त्यांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर देऊ केला गेला. टीडीआर म्हणजे तुमच्या जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क, जो विकताही येतो. ८ टक्के फारच कमी वाटल्याने जमीनमालक पुढे येईनात आणि जमीन ताब्यात येईना. मला त्यांचा राग रास्त वाटतो. शहराला टेकडी हवी असेल तर शहराने तिचे पैसे मोजावेत. फुकटात निसर्ग मागून चालत नाही.

या अडचणीतून निघालेला मार्ग म्हणजे "निदान ४ टक्के बांधकाम तरी करू द्या". ही मागणी पुन्हा पुन्हा वर येते. २०२५ मध्ये राज्य सरकारने या टेकड्यांबाबत अभ्यास समितीही नेमली. ४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण ९७८ हेक्टरचे ४ टक्के म्हणजे जवळजवळ ३९ हेक्टर. शिवाय घर हवेत तरंगत नाही. त्याला रस्ता लागतो, ड्रेनेज लागतं, पाण्याची टाकी, विजेचे खांब, गाड्या उभ्या करायला जागा. बंगला छोटा असला तरी तिथवर पोचायला टेकडी कापावी लागतेच. दर पाच मीटरला एक मीटर किंवा त्याहून जास्त चढ असेल तर बांधकाम नको, असा नियम उगाच केलेला नाही.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यातले लोक विसरलेले नाहीत. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, सोसायट्यांच्या भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. त्या पावसात शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. पाऊस प्रचंड होता हे खरंच. पण ओढ्याची जागा आपणच अरुंद केली होती, हेही तितकंच खरं. वरच्या उतारावर सिमेंट ओतलं तर खाली येणारं पाणी वाढणार, हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही.

या सगळ्यात सर्वात जास्त फसतो तो एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट घेणारा माणूस. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आयुष्यभराची पुंजी घालून टेकडीच्या पायथ्याशी जागा घ्यायची, चार खोल्या बांधायच्या आणि मग एक दिवस दारात नोटीस. विकणारा तोवर गायब झालेला असतो. म्हणून स्वस्त प्लॉटची जाहिरात आली की नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नका. सातबारा जमीन कुणाची ते सांगतो. आराखड्यातलं आरक्षण त्यावर दिसेलच असं नाही. त्यासाठी महापालिकेतून झोन दाखला काढा. बाहेरगावी राहून पुण्यात गुंतवणूक करणाऱ्यांनी तर नक्कीच.

आणि आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव आला, तर त्यावर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. वर्तमानपत्रात सूचना येते, साधारण महिन्याची मुदत असते. नाव, पत्ता, सही आणि आपलं म्हणणं, एवढंच लिहायचं. सोसायटीच्या ग्रुपवर शंभर संदेश फिरतात, पण सही केलेला कागद टेबलावर पोचतो तेव्हाच मोजला जातो. जमीनमालकांच्या हरकती त्या ढिगात असतातच. रोज टेकडी चढणाऱ्यांच्याही असायला हव्यात, आणि त्यात "बांधकाम नको"च्या जोडीला "मालकांना नीट मोबदला द्या" हे वाक्यही असलं पाहिजे.