बागेच्या पाटीवर आजीचे नाव नाही



आमच्या तालुक्याच्या गावी एका जहागीरदाराची जुनी बाग आहे. वाडा पडला, बागेत काटेरी झुडपे माजली. काही वर्षांपूर्वी सरकारी निधीतून तिचा जीर्णोद्धार झाला. कारंजी सुरू झाली, दाराशी ग्रॅनाइटची पाटी लागली. पाटीवर जहागीरदार घराण्याचा इतिहास आणि उद्घाटन करणाऱ्या मान्यवरांची नावे आहेत.

याच बागेत माझी आजी शेणखताच्या पाट्या वाहायची. मागच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. विहिरीला हात लावायचा नाही. तहान लागली तर कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेपर्यंत थांबायचे. आज तिची नातवंडे पुढच्या दाराने आत जातात, हे संविधानामुळे. पण पाटीवर आजी कुठेच नाही. मला बरीच वर्षे त्यात काही खटकलेही नाही.

खटकले ते इंग्लंडमध्ये. शिष्यवृत्तीवर शिकत असताना मी कॉर्नवॉलमधली हेलिगनची बाग पाहिली. ट्रेमेन या जमीनदार घराण्याची ही मालमत्ता. पहिल्या महायुद्धाआधी तिथे 22 माळी राबत. 1914 साली युद्ध पेटले, माळी सैन्यात गेले, त्यातले अनेक परतलेच नाहीत. पुढे बाग रानात बुडाली. 1990 मध्ये शोध घेणाऱ्यांना पडझडीत माळ्यांचे शौचालय सापडले. त्याच्या भिंतीवर पेन्सिलीने माळ्यांनी नावे लिहिली होती आणि सोबत 'ऑगस्ट 1914'. बाग पुन्हा उभी करणाऱ्यांनी तेव्हाच ठरवले की गोष्ट मालकांची नव्हे, राबणाऱ्यांची सांगायची. 1992 पासून बाग लोकांसाठी खुली आहे. 2013 मध्ये लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने त्या शौचालयाला स्मारक म्हणून मान्यता दिली.

तिथे थंड हवेत अननस पिकवायचा एक खड्डा आहे. कुजणाऱ्या घोड्याच्या लिदीची ऊब त्याला देतात. मार्गदर्शक कौतुकाने सांगत होता, आणि मला डोक्यावर पाटी घेतलेली आजी दिसत होती. तिथे लिदीलाही इतिहासात जागा आहे!

भाबडेपणाने हेलिगनला डोक्यावर घेऊ नका. तिथले माळीही नोकरच होते, आणि आजही तिकीट काढूनच आत जावे लागते. शिवाय एक फरक मोठा आहे. त्या माळ्यांना भिंतीवर नाव लिहिता आले. माझ्या आजीला फक्त अंगठा उठवता येत होता. तिचे अक्षर हिरावून घेतले गेले, म्हणून तिचे नाव भिंतीवर नाही. नाव नाही म्हणजे काम नव्हते, असे म्हणायला व्यवस्था मोकळी!

आपल्याला हे नवे नाही. 1923 मध्ये बोले ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले. पण 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा ते खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाले. नावाचेही तसेच. भीमा कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची नावे दगडात कोरलेली आहेत, म्हणून ती पुसता आली नाहीत. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडाने पिढ्यांना ताठ मानेने उभे केले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: जनतेच्या पैशातून बाग दुरुस्त होत असेल, तर तिची पाटीही दुरुस्त झाली पाहिजे. दार उघडणे हा अर्धा जीर्णोद्धार आहे. ती बाग कुणी खणली, कुणी शिंपली, हे लिहिले की तो पुरा होतो.

आणि हे काम दुसरे कुणी करणार नाही. तुमच्या गावातही असा वाडा, बाग, तलाव असेल. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसा, मोबाइलवर त्यांचे बोलणे टिपा, तारीख घाला. ती माणसे गेली की पुरावाही गेला.

आम्ही सुरुवात केली आहे. वस्तीतून 14 नावे मिळाली. दुसऱ्या पाटीच्या मागणीचा अर्ज घेऊन पुढच्या महिन्यात नगरपरिषदेत जाणार आहोत. सोबत जोडलेल्या यादीत पहिले नाव आजीचे आहे.

जयभीम!