छत्री आणि वायर

डोंबिवलीत कुठलीही वस्तू एकट्याने विकत घेता येत नाही. पैसे देणारा एक असतो, पण घ्यायला लावणारे निदान तीन मजले असतात. साधी कपाटाची किल्ली करून आणली तरी जिन्यात दोघे जण भेटतात आणि "कोणाकडे केलीत? अरेरे, आधी विचारायचं नाही का!" म्हणून हळहळतात. तिथे टीव्ही म्हणजे तर घरातल्या लग्नाखालोखालचं कार्य. बरं, लग्नात मुलीकडचे आणि मुलाकडचे असे दोनच पक्ष असतात. टीव्हीत मोठ्या पडद्यावाले, बेताच्या पडद्यावाले, केबलवाले, डिशवाले आणि "हल्ली टीव्ही बघतंय कोण!" असं म्हणून रात्री अकरापर्यंत आपल्याच घरी बसून बघणारे, असे पाच पक्ष होतात.

आमचा जुना टीव्ही २०२५ साली गौरी जेवल्या त्या संध्याकाळी गेला. आधी निवेदिकेचा चेहरा हिरवा झाला, मग चेहरा गेला आणि नुसता आवाज राहिला. आई म्हणाली, "रेडिओ झाला रे त्याचा." दोन दिवसांनी, ३ सप्टेंबरला, जीएसटी परिषदेने ठरवलं की ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचा, आणि तोही २२ सप्टेंबरपासून. म्हणजे घटस्थापनेला. बातमी कळताच दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले धावत वर आले. "आता घ्याल तर मूर्ख ठराल! सरळ दहा टक्के वाचतायत." चौथ्या मजल्यावरचे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले काका तिथेच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. शंभराच्या मालाला आधी १२८ पडत होते, आता ११८ पडणार. म्हणजे १२८ वर दहा वाचले, आठ टक्क्यांनाही थोडे कमीच. बँकवाले त्या दिवशी चहा न घेता गेले.

आठ तर आठ! मध्यमवर्गीय माणूस आठ टक्क्यांसाठी तीन आठवडे काय, तीन वर्षं थांबेल. थांबणं हा आमचा स्वभावच आहे, त्यासाठी प्लॅटफॉर्मवर रोजचा सराव चालू असतो. पण या वेळी थांबणारे आम्ही नव्हतो. मी आणि बायको सकाळी सव्वाआठच्या सुमारास घर सोडतो ते रात्री आठला परततो. मधले बारा तास घरात ब्याऐंशी वर्षांची आई आणि टीव्ही. त्यातला टीव्ही गेलेला. आईने तक्रार केली नाही, तिची पिढी तक्रार करत नाही. फक्त एकदा जेवताना म्हणाली, "दुपारी त्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते रे. मला इतकी वर्षं वाटत होतं, ते मुकं आहे." आम्ही दोघांनीही भातात मान घातली.

घटस्थापनेच्या संध्याकाळी मानपाडा रोडवर गेलो, तर अख्खी डोंबिवली आठ टक्के वाचवायला आलेली. टीव्ही मोजतात तो कर्णाने. शाळेत पायथागोरसच्या कर्णाचा पुढे काय उपयोग, असं आम्ही मास्तरांना विचारत असू, त्याचं उत्तर तिथे भिंतीवर ओळीने टांगलेलं होतं. विक्रेता मुलगा म्हणाला, "काका, पंचावन्न घेऊन टाका." बायकोने विचारलं, "आणि आम्ही कुठून बघायचं, शेजारच्यांच्या हॉलमधून?" आमचा हॉल दहा बाय चौदा. त्यात दिवाण, टीपॉय, शोकेस आणि आल्यागेल्याच्या चपला. शेवटी त्रेचाळीस इंचांवर, म्हणजे साधारण १०९ सेंटिमीटरवर, तह झाला.

आईने फक्त एक प्रश्न विचारला. "बोलणं स्वच्छ ऐकू येतं का?" मुलगा रंगांबद्दल बोलत राहिला. शंभर कोटी रंग, म्हणाला. आई म्हणाली, "मला सहा पुरेत. बोलणं?" त्याचं कारण आम्हांला मागून काकांनी सांगितलं. जुन्या टीव्हीचं पोट मोठं होतं, त्यात बरे दोन स्पीकर समोर तोंड करून बसत. आताचा टीव्ही पापडाइतका पातळ, त्याचे स्पीकर एक तर खाली जमिनीशी बोलतात, नाहीतर मागे भिंतीशी. म्हणून बाहेरचा एक वेगळा स्पीकर घ्यावा लागला. वाचवलेल्या आठ टक्क्यांचा प्रश्न तिथल्या तिथे निकाली निघाला.

टीव्ही आला, भिंतीवर चढला, आणि खरा वाद सुरू झाला. यात दाखवायचं काय? म्हणजे केबल ठेवायची की डिश घ्यायची?

डिशला आमच्याकडे बायका छत्री म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याला विनोदाची उत्तम जाण असली पाहिजे. पाऊस आला की मिटणारी जगातली ही एकमेव छत्री! याचंही शास्त्र काकांकडे तयार होतं. उपग्रह असतो विषुववृत्ताच्या वर, सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर. पृथ्वीच्याच वेगाने फिरतो म्हणून आपल्याला एका जागी उभा वाटतो. घरच्या छत्रीकडे येणाऱ्या त्याच्या लहरी असतात साधारण इंचभर लांबीच्या, आणि असल्या आखूड लहरी मुसळधार पावसाचे थेंब पिऊन टाकतात. केबलवाल्याकडच्या थोरल्या तबकड्यांवर बहुतेक लहरी येतात तीन इंची. त्यांना थेंबांचं फारसं काही वाटत नाही. म्हणजे छत्तीस हजार किलोमीटर सिग्नल सुखरूप येतो आणि शेवटच्या चार-पाच किलोमीटरला पावसात अडकतो. डोंबिवलीकराला यात नवीन काय आहे? आमची लोकल मुंब्र्यापर्यंत वेळेवरच येते!

पण म्हणून केबलवाल्यांनी पेढे वाटायचं कारण नाही. केबलचा सिग्नल वाटेत थकतो, त्याला गल्लोगल्ली अँप्लिफायरचं टॉनिक पाजावं लागतं, आणि त्या अँप्लिफायरला वीज लागते. तेव्हा तुमच्या घरी वीज आहे, टीव्ही आहे, तुम्ही आहात, पण पलीकडच्या इमारतीतली वीज गेली की तुमची मालिका गेली. डिशला हे दुःख नाही. तुमची वीज तुमची, तुमचं आकाश तुमचं.

मात्र आकाश पाहिजे. आणि डोंबिवलीत नेमकी त्याचीच टंचाई. आपल्याकडे दाखवणारे डिशचे बहुतेक उपग्रह पूर्व रेखांशाच्या ८३ ते ९५ अंशांवर उभे आहेत आणि डोंबिवली ७३ अंशांवर, विषुववृत्तापासून उत्तरेला १९ अंशांवर. त्यामुळे इथल्या छत्रीने बघायचं ते आग्नेयेकडे. मी आयुष्यात प्रथमच होकायंत्र घेऊन आमच्या घरात हिंडलो. गॅलरी पश्चिमेला. तिथून मावळता सूर्य आणि समोरच्यांचे टॉवेल दिसतात. आग्नेयेला आमचं न्हाणीघर, त्याला दीड फुटाची खिडकी, आणि खिडकीसमोर पाच फुटांवर दुसऱ्या इमारतीची भिंत. वास्तुशास्त्रात आग्नेय ही स्वयंपाकघराची दिशा, हे आम्हांला ठाऊक होतं. ती करमणुकीचीही असेल, असं बिल्डरला वाटलं नसावं.

राहता राहिली गच्ची. गच्चीवर सोसायटीची पत्र्याची शेड. सेक्रेटरी म्हणाले, "डिश लावा, आनंद आहे. फक्त पत्र्याला भोक पडता कामा नये, कठड्याला पडता कामा नये आणि वायर जिन्यातून येता कामा नये." मी विचारलं, "मग कुठून यावी?" ते म्हणाले, "तो तांत्रिक प्रश्न झाला."

मला त्या वेळी जुन्या गच्च्या आठवल्या. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं तेव्हा प्रक्षेपण वरळीहून होत होतं, आणि वरळी आमच्या नैऋत्येला. मग डोंबिवलीच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उगवले ते सगळे नैऋत्येकडे तोंड करून. खाली माणसं मुंबईकडे तोंड करून फलाटावर उभी, वर अँटेना मुंबईकडे तोंड करून उभे. एक जण वर अँटेना फिरवी, एक जण गॅलरीतून ओरडे, "आलं, आलं... गेलं!" आणि एक जण आतून सांगे, "तसाच धरून उभा राहा!" तसाच धरून उभं राहून 'छायागीत' ऐकलेली माणसं आजही आमच्या इमारतीत आहेत.

मग १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमाराला केबल आली. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर काळ्या वायरी गेल्या आणि त्यांच्यावर कावळे बसू लागले. सरकारने कायदा केला तो १९९५ साली, म्हणजे कावळे चांगले रुळल्यावर. डिश घराघरांत येऊ लागली २००३ नंतर. कल्याण-डोंबिवलीची केबल ३१ मार्च २०१३ च्या मुदतीने डिजिटल झाली, तेव्हा केबललाही डबा आला. आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायने सांगितलं, की ज्याने त्याने आपल्या वाहिन्या आपण निवडाव्या. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि वर कर, पैशाच्या वाहिन्यांचे पैसे निराळे. गठ्ठ्यात यायचं तर वाहिनीची किंमत १९ रुपयांवर नसावी, असा नियम होता. म्हणून बऱ्याच नामवंत वाहिन्यांनी ती बरोब्बर १९ ठेवली. मुलीसाठी स्थळं बघताना केली नसेल इतकी चर्चा त्या यादीवर घरोघर झाली. आमच्या यादीत आईच्या पाच वाहिन्या होत्या, बायकोच्या चार आणि माझी बातम्यांची एक, तीही काट मारून पुन्हा लिहिलेली. आता ते दर राहिले नाहीत, पण दर महिन्याला आकडा बघून "आपण यातलं बघतो काय?" हा प्रश्न विचारायची चाल राहिली.

नोकरीसाठी पुण्याला असलेली आमची कन्या फोनवर म्हणाली, "बाबा, छत्री नको नि वायर नको. आजीला ॲप लावून दे. रिमोटशी नुसतं बोलायचं." आईने रिमोट तोंडाशी धरला आणि अत्यंत सौजन्याने म्हणाली, "सह्याद्री लावता का जरा?" टीव्हीने तत्काळ कुठल्याशा गडाची चढण दाखवली. आई पाच मिनिटं पाहत राहिली आणि म्हणाली, "छान आहे. पण मला बातम्या हव्यात, इतकं चढून नाही जायचं."

शेवटी कौल मागितला तो आईचाच. बारा तास ज्याने काढायचे, त्याने ठरवावं. मी दोन्हीकडचं सगळं समजावून सांगितलं. इंची लहरी, तीन इंची लहरी, अँप्लिफायर, आग्नेय दिशा. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "छत्री बिघडली तर कोण येतं?"

मी म्हणालो, "एक नंबर असतो. त्यावर फोन करायचा. मराठीसाठी एक आकडा दाबायचा, मग तक्रारीसाठी दुसरा..."

"म्हणजे कोणी येत नाही," आई म्हणाली.

आमच्या केबलचा मुलगा येतो. फोन केल्यावर "पाच मिनिटांत" म्हणतो आणि तासाभराने येतो, पण येतो. आईच्या रिमोटवरच्या तीन बटणांवर नेलपॉलिशचे तांबडे ठिपके आहेत, ते त्यानेच दिलेले. मार्च २०२० ची टाळेबंदी लागली तेव्हा सगळं बंद झालं, पण केबलसेवा अत्यावश्यक म्हणून चालू होती. २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावलं आणि आईला ते सापडेना. तो तोंडाला रुमाल बांधून फाटकाबाहेर उभा राहिला आणि आई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. "आजी, मेन्यू दाबा! आता खाली! अजून खाली! नाही नाही, तुम्ही नका वाकू, रिमोटवर खाली!" मी आत टीव्हीसमोर उभा राहून काय दिसतंय ते ओरडून सांगत होतो. समोरच्या गॅलऱ्यांतल्या लोकांनी आपापले रिमोट आणून त्याच शिकवणीत आपलंही 'रामायण' लावून घेतलं. राम दिसला तेव्हा टाळ्या पडल्या. त्या दिवसांत घरचे सोडून आईशी बोललेला तो पहिला माणूस.

तेव्हा केबल राहिली. इंटरनेटही त्याच मुलाने त्याच खांबावरून दिलं, त्यामुळे कन्येचंही समाधान झालं. बँकवाले अजून म्हणतात, की डिश घेतली असती तर वर्षाला बरेच पैसे वाचले असते. काका म्हणतात, हिशेब चुकीचा आहे. सेक्रेटरी खूश आहेत, पत्रा शाबूत आहे.

महिन्याच्या पाच तारखेला तो पैसे घ्यायला येतो. ऑनलाइन भरता येतात हे आईला माहीत आहे, मी दोनदा सांगितलंही. पण पैसे आदल्या रात्रीच घडी घालून रिमोटखाली ठेवलेले असतात. तो आला की आई त्याला बसवते, पाणी देते, वडी देते. मग महिनाभर कुठली वाहिनी कधी दिसली नाही ते तारीखवार सांगते. तो "बघतो आजी" म्हणतो. मग ती त्याच्या आईचे गुडघे विचारते, बहिणीच्या परीक्षेचं विचारते. एकदा पाच तारीख रविवारी आली, म्हणून मला हे सगळं बघायला मिळालं. अर्धा तास दोघांचं बोलणं चालू होतं. बोलण्यात व्यत्यय नको म्हणून आईने टीव्ही बंद करून ठेवला होता.