बेचाळीस धावांनंतर

परवा मधल्या सुट्टीत नववीतला एक विद्यार्थी कार्यालयाच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि त्याने मला गुजरातीत विचारले, "साहेब, योहान क्रायफ खेळाडू म्हणून मोठा, की प्रशिक्षक म्हणून?" कामरेजच्या मुलाला हॉलंडच्या फुटबॉलपटूविषयी एवढे कुतूहल असावे याचे मला कौतुक वाटले. मी काहीतरी उत्तर दिले खरे; पण माझे मन मात्र ॲमस्टरडॅमला न जाता मुंबईला, अजित वाडेकरांकडे गेले.

याला कारण आहे १९७४ सालचा उन्हाळा. २४ जून रोजी लॉर्ड्सवर वाडेकरांचा संघ अवघ्या ४२ धावांत गारद झाला आणि पुढे मालिका ०-३ अशी गेली. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच, ७ जुलैला, क्रायफच्या नेतृत्वाखालचा डच संघ म्युनिकच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून १-२ असा हरला. पराभव दोघांच्याही वाट्याला आला. वागणूक मात्र सारखी आली नाही.

आमचे आजोबा गायकवाड सरकारच्या महसूल खात्यात कारकून म्हणून येथे आले. कामरेज तेव्हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे. संस्थान गेले, पण घरातली मराठी आणि क्रिकेट या दोन गोष्टी टिकल्या. १९७१ हे आमच्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, सुवर्णवर्ष. विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने कर्णधार झालेल्या वाडेकरांनी त्या वर्षी आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. २४ ऑगस्टला, नेमक्या गणेश चतुर्थीच्या दिवशी, ओव्हलवर विजयासाठी अजून बऱ्याच धावा हव्या असताना वाडेकर ४५ धावांवर धावचीत झाले, ड्रेसिंग रूममध्ये जाऊन चक्क झोपले आणि जिंकल्याची वार्ता त्यांना जागे करून सांगावी लागली. ही हकीगत अण्णा इतक्या वेळा सांगत की आई शेवटी उठून आत जाई. त्या विजयाचे वर्तमानपत्रातले छायाचित्र त्यांनी चौकटीत बसवून बैठकीत लावले होते, असे मी ऐकून होतो. मला कळू लागले तेव्हा भिंतीवर फक्त खिळा होता.

ज्यांनी १९७१ साली मिरवणुका काढल्या त्यांनीच तीन वर्षांनी धिक्कार केला. इंदूरला त्या विजयाप्रीत्यर्थ उभारलेली भव्य बॅटदेखील या रोषातून सुटली नाही. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले आणि ते निवृत्त होऊन स्टेट बँकेतल्या नोकरीत रमले.

पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. क्रायफ १९८८ मध्ये बार्सिलोनाचा प्रशिक्षक झाला आणि १९९२ साली त्याच लंडन शहरात, वेम्ब्लीवर, त्याच्या संघाने युरोपीय चषक जिंकला. वाडेकरही याच सुमारास भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून परतले. १९९३ साली कुंबळे, राजू आणि चौहान या तीन फिरकी गोलंदाजांच्या बळावर भारताने इंग्लंडला ३-० असे नमवले. चौऱ्याहत्तरचा हिशेब आकड्यांनिशी फिटला! मार्च १९९४ मध्ये ऑकलंडला सिद्धूची मान आखडली, तेव्हा सचिन तेंडुलकरने सलामीला जाऊ द्या म्हणून विनवले. वाडेकर आणि अझरुद्दीन यांनी ते मानले, आणि त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. विनवणी ऐकून घेणे हेही व्यवस्थापकाचे काम असते. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावर ते किती अवघड आहे, हे मला उमगले.

मग आला १३ मार्च १९९६. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात नाणेफेक जिंकून आपण क्षेत्ररक्षण घेतले आणि १ बाद ९८ वरून ८ बाद १२० अशी दैना झाली. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या. सामना श्रीलंकेला बहाल झाला. मी तेव्हा तरुण होतो. दूरदर्शनसमोर बसून मी वाडेकरांना नाही नाही ते बोललो. अण्णांनी उठून संच बंद केला.

"चौऱ्याहत्तर साली मीही असाच बोललो होतो," ते म्हणाले. "ती तसबीर मीच फोडली. तुझ्या आईने काचा वेचल्या."

एवढे बोलून ते अंगणात गेले. मी कितीतरी वेळ त्या खिळ्याकडे पाहत राहिलो.

त्याच वर्षी वाडेकरांचे व्यवस्थापकपद गेले आणि क्रायफलाही बार्सिलोनाने दूर केले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी वाडेकर निवर्तले. ते ऐकायला अण्णा राहिले नव्हते. प्रार्थनेच्या वेळी मी मुलांना ओव्हलची गोष्ट सांगितली आणि बेचाळीस धावांचीही सांगितली. कर्णधार झोपी गेला, हे ऐकून मुले खूप हसली.