कारवानी कुत्री आणि पाच अतिचार



आजवर मी चौक्याची शुद्धता, उन्हाळ्यातली वाळवणं, दशलक्षणातले उपवास यांवर लिहीत आले. आज कुत्र्यांवर लिहिते आहे. आमच्याकडे पवन आणि राणी ही दोन कारवानी कुत्री आहेत, हे जिंतुरात सगळ्यांना ठाऊक आहे. मंदिरात, लग्नात, कुठेही भेटलं की कुणीतरी विचारतंच, "काकू, जैनाच्या घरात शिकारी कुत्री कशी?" प्रश्न रास्त आहे. दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ही जात सांगते. विलायती ग्रेहाउंड तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, काठीसारखे पाय. कारवानी म्हणजे त्याचा आपल्या दख्खनचा भाऊ. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, हे कुत्रे इकडे आले अशी समजूत आहे, त्यावरून हे नाव. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातल्या जानवळच्या बाजूला, ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. कानाला आणि शेपटीला रेशमी केस असलेल्याला पश्मी म्हणतात. कर्नाटकातल्या मुधोळला हाच कुत्रा मुधोळ हाउंड झाला. तिथल्या घोरपडे राजांनी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली होती. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. पुढे लष्करानंही त्याला मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेलं.

आमच्या लेकानं शेतासाठी दोन पिल्लं आणली. वर्षभरात त्याला पुण्याला नोकरी लागली आणि पिल्लं आमच्या पदरात राहिली. तेव्हा मी यांना म्हटलं, ठेवायची तर शास्त्राला धरून ठेवायची, नाहीतर आत्ताच कुणाला देऊन टाकू.

शास्त्र काय म्हणतं? हिंस्र प्राणी पाळण्याला आपल्याकडे अनर्थदंडात दोष सांगितला आहे. हे मी नाकारत नाही. पण जो जीव दारात आलाच आहे त्याच्याशी वागायचं कसं, हेही तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. दशलक्षणात सातव्या दिवशी आपण ते दरवर्षी ऐकतो आणि बैल-गाड्यांच्या काळातलं काहीतरी म्हणून सोडून देतो. मला मात्र कुत्री पाळण्याचे सगळे नियम त्या पाच शब्दांत सापडले. पुढे लेकानं १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वाचून दाखवला. मारू नका, जास्त राबवू नका, आखूड किंवा जड साखळीनं तासन्‌तास बांधू नका, अवयव तोडू नका, अन्नपाणी आणि निवारा द्या. ऐकून मी थक्क झाले. आपल्या आचार्यांनी हे किती आधी लिहून ठेवलंय!

पहिला बंध. आमच्या नेमगिरीला नेमिनाथ भगवंतांचं दर्शन घेताना त्यांच्या लग्नाची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. वरातीसाठी बांधून ठेवलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ते लग्न न करताच मागे फिरले. त्यांच्या पायथ्याशी राहून दिवसभर साखळी लावायची हे मला जमणार नव्हतं. मागच्या अंगणाला सहा फुटांची भिंत घातली. चार फूट भिंतीवरून ही कुत्री उभ्या उभ्या उडी मारतात. गळ्यातला पट्टा रुंद लागतो. यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद, साधा पट्टा मागे सरकला की सटकन निघतो. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. नुसत्या फरशीवर झोपवलं तर कोपरांना घट्टे पडतात, जखमा होतात. म्हणून जुन्या गोधड्या घातल्या आहेत.

दुसरा वध. इथे वध म्हणजे जीव घेणं नव्हे, काठी-चाबकानं मारणं. हा कुत्रा मनानं फार हळवा. एकदा ओरडलं तर दोन दिवस कोपऱ्यात बसतो. शिकवण्याची माझी पद्धत साधी: ताटलीवर चमच्याचे दोन ठोके आणि जवळ आला की पनीरचा बोटभर तुकडा. हे रोज, बंद अंगणात, सहा महिने केलं. तरी एक लक्षात ठेवा. हा कुत्रा वासावर नाही, नजरेवर चालतो. दूर काही पळताना दिसलं की त्याचे कान बंद होतात. मग ताटली वाजवा नाहीतर घंटा. म्हणून उघड्या रानात आमची कुत्री कधीच मोकळी सुटत नाहीत.

मग पळतात कुठे? आमच्या शेताच्या कडेला एक पडीक तुकडा आहे, चारी बाजूंनी जाळी मारलेली. ग्रेहाउंडच्या शर्यतीत यंत्रावरचा खोटा ससा पुढे पळवतात. नातवानं तेच पाहून माझ्या जुन्या साडीची चिंधी दोरीला बांधली आणि सायकलच्या चाकावर ती गुंडाळत ओढायला लागला. कुत्री खूश! पण तो ओरडत होता, "पकड ससा, मार ससा!" मी त्याला जवळ बसवून यशोधर राजाची कथा सांगितली. त्यानं जिवंत नव्हे, पिठाचा कोंबडा बळी दिला होता. तरी भावहिंसेचं फळ म्हणून त्याला आणि त्याच्या आईला तिर्यंच गतीत भव भोगावे लागले, आणि त्यातल्या एका भवात आई कुत्रा झाली. नातू गप्प झाला. तेव्हापासून आमच्याकडे ती फक्त चिंधी आहे. कुत्र्याला तशीही ती हलण्याशी मतलब.

अतिभार हा अतिचार या कुत्र्यांना अगदी लागू पडतो. दिसायला असा धावरा, म्हणून लोक मोटरसायकलला बांधून दोन-दोन किलोमीटर पळवतात.  तीनचारशे मीटरचे दोन-तीन झपाटे, मग शांत चालणं, एवढंच त्याला हवं असतं. उरलेला दिवस तो लोळून काढतो. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत हाडं कच्ची असतात, तोवर जबरदस्तीनं पळवायचंच नाही. आपल्या परभणीचा उन्हाळा तर माणसालाही झेपत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो जिभेनं धापा टाकून अंग निववतो. एप्रिल-मेमध्ये आम्ही पहाटे पाचला निघतो आणि सूर्य वर यायच्या आत घरी. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू ठेवून बघायची. आपल्याला पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजे भाजणार. पावसाळ्यात शेतात काळ्या मातीचा चिखल आणि गवतात असंख्य जीव. चातुर्मासात पळणं बंद, पक्क्या रस्त्यावर फक्त चालणं.

आता अन्नपाननिरोध, म्हणजे खाणं. तुमचे सगळ्यात जास्त प्रश्न यावरच असतात. या भागातल्या शेतकऱ्यांकडे ही कुत्री ज्वारीची भाकरी आणि ताक-दुधावर वाढलेली मी पाहिली आहेत. कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नाही. माणसाजवळ राहून त्याला पिठूळ अन्न पचवण्याची ताकद आली आहे. तरी नुसती भाकरी पुरत नाही, प्रथिनं मोजून द्यावी लागतात. सकाळी फिरून आल्यावर तासाभरानं ताकात कुस्करलेली भाकरी. संध्याकाळी मऊ भात, मुगाचं किंवा तुरीचं घट्ट वरण, उकडलेल्या सोयाबीनच्या वड्या, दुधी किंवा लाल भोपळा, थोडं पनीर, चमचाभर तूप. वरण आणि ताक एकत्र करत नाही, द्विदलाचा नियम त्यांच्या ताटालाही आहे. पाणी गाळलेलंच. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतो, ही काळजी आपल्या घरात आपोआपच मिटते. पण मनुके आणि द्राक्षंही त्याला विषासारखी, तेव्हा मंदिरातून आणलेला सुका मेवा लाडानं देऊ नका.

भरल्या पोटी पळालं तर या खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडू शकतो, आणि त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो. आमचं जेवण सूर्यास्ताआधी, त्यांचंही तेव्हाच. म्हणून पळणं सगळं पहाटे ठेवलं. रात्रिभोजनत्याग असा त्यांच्याही पथ्यावर पडला.

अष्टमी-चतुर्दशीला माझा उपवास असतो, त्यांचा नसतो. व्रत स्वतःच्या इच्छेनं घ्यायचं असतं. यावर नातवानं मला बरोबर पकडलं. "आजी, मग मांस न देणं हे त्यांच्यावर लादलेलं व्रतच ना?" मी म्हटलं, माझ्या घरात मांस येणार नाही हे व्रत माझं आहे. त्याची किंमत त्यांच्या शरीरानं मोजायची नाही, ही जबाबदारीही माझी. म्हणून मी वही ठेवते. बी.कॉम. केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! दर महिन्याला वजन, वर्षातून एकदा परभणीला रक्ताची तपासणी, औषधं, खर्च, सगळं तारखेनिशी. डॉक्टरांनी सुरुवातीला अंडं सांगितलं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी प्रथिनांचा हिशेब आणि कॅल्शियम-जीवनसत्त्वांची पूड लिहून दिली. त्याच दिवशी मी ठरवलं, आकडे घसरत गेले तर कुत्री चांगल्या शेतकऱ्याच्या घरी द्यायची, पण त्यांना कुपोषित ठेवून धर्म पाळल्याचं समाधान मिरवायचं नाही. अजून ती वेळ आलेली नाही. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे या जातीत निरोगीपणाचं लक्षण. तरी गल्लीतल्या बायका म्हणतातच, "उपाशी ठेवता का हो?"

उरला छेद. कान कापणं, शेपूट छाटणं आम्ही केलं नाही. पण राणीच्या नसबंदीचा प्रश्न आला तेव्हा स्वाध्यायात चांगलीच चर्चा झाली. काहींना तो छेदच वाटला. माझं मत असं, की पोटी प्रमाद आणि दुर्भाव ठेवून अवयव तोडणं वेगळं आणि डॉक्टरांनी पुढचा गर्भाशयाचा आजार टाळण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वेगळी. शिवाय पिल्लं झाली असती तर ती मागायला कोण येणार हे मला माहीत होतं. शस्त्रक्रिया केली. अशा सडपातळ कुत्र्यांवर भुलीच्या काही औषधांचा अंमल लवकर उतरत नाही, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं.

गोचीड आणि जंतांचं औषध ही अजून एक अडचण. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे, घर चालवताना होणारी आरंभी हिंसा कमीत कमी करायची आहे. गोचिडांमुळे कुत्र्याला जीवघेणा ताप येतो, म्हणून औषध देतेच. पण भर त्यांची उत्पत्ती होऊ न देण्यावर: भिंतीच्या फटी बुजवलेल्या, गोधड्या कडक उन्हात, अंग रोज कंगव्यानं विंचरलेलं. रेबीजची लस दरवर्षी, न चुकता.

आता जे सगळ्यात अवघड गेलं ते सांगते. आमचं शेत एक ओळखीचा माणूस बरीच वर्षं बटईनं करत होता. हुरड्याच्या दिवसांत एका संध्याकाळी तो आला. म्हणाला, "काकू, पवनला एक रात्र द्या. पाव्हणे आलेत, सशाला जायचंय."

मी म्हटलं, "नाही देणार."

"अहो, कुत्र्याचा धर्मच आहे तो."

"त्याचा असेल. साखळी माझ्या हातात आहे, आणि माझा धर्म तो नाही."

शस्त्र, विष, अग्नी अशी हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं म्हणजे हिंसादान. असला कुत्रा शिकाऱ्याच्या हाती देणं याहून वेगळं काय? वन्यजीव कायदा १९७२चा. त्यात नुसतं मारणं नाही, पाठलाग करणं, हुसकावणं, सापळा लावणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. हे मी त्याला समजावलं. तो हसून गेला, पण मनात राग धरला. पुढच्या हंगामाला त्यानं शेत सोडलं. नवा माणूस मिळेपर्यंत पेरणी लांबली आणि त्या वर्षी उत्पन्न निम्म्यावर आलं. हे महिनाभर नाराज होते. "एका रात्रीसाठी एवढं कशाला ताणलंस?" मी वहीत तो तोटा लिहिला आणि पुढच्या रकान्यात कारणही लिहिलं. आजही तेच उत्तर देईन.

पवन सशाला पाहून थरथरतो, हे खरं आहे. ते त्याचे जन्मजात संस्कार, त्याबद्दल मी त्याला वाईट म्हणत नाही. आपले महावीर स्वामी एका पूर्वभवात सिंह होते. हरीण फाडत असताना दोन चारण मुनींचा उपदेश कानी पडला आणि तिथून त्यांचा मार्ग बदलला. जीवंधरकुमारानं मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो यक्ष झाला. म्हणून संध्याकाळी आरतीनंतर मी अंगणात बसून णमोकार म्हणते, तेव्हा दोघांनाही जवळ बसू देते. त्यांना काय कळतं ते केवली जाणे.

हे वाचून कुणाला असा कुत्रा आणावासा वाटला तर घाई करू नका. आधी पाच अतिचार कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की आपल्या घरात हे कोण सांभाळणार, रोज किती वाजता. आमच्या गल्लीतल्या एका सुनेला कारवानीचं पिल्लू हवंय. मी तिला म्हटलं, पंधरा दिवस पहाटे पाचला माझ्याबरोबर ये, मग बोलू. आज तिचा नववा दिवस आहे. अजून एकदाही चुकलेली नाही.

जय जिनेंद्र.